'चाइल्ड इन टाइम': ओसाकातला आवाज आणि स्टुडिओतला आवाज, शिकायचं कोणत्यावरून?

तळजाईकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे. नुसतं 'लाइव्ह चांगलं की स्टुडिओ' असं विचारलं तर 'दोन्ही आपापल्या जागी छान' असं उत्तर येतं आणि माझं काम तसंच अडून राहतं.

मी पुण्यात धनकवडीत राहतो, वय सेहेचाळीस, भोसरीतल्या एका कारखान्यात गिअरच्या तपासणी विभागात आहे. आम्हा पाच मित्रांचा बँड आहे. दर शनिवारी संध्याकाळी एरंडवण्यात तासाच्या भाड्याने खोली घेऊन वाजवतो. गाणारा मी. डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या बॅचचा मेळावा आहे आणि त्यात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'चाइल्ड इन टाइम' करायचंच असं सगळ्यांनी ठरवलंय. ऑर्गनवाल्याची तयारी झाली. गिटारवाल्याने मधला वेगाचा तुकडा वर्षभर घासून बसवलाय. गाडी अडलीय ती माझ्यापाशी.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला ऑर्गनवर एक संथ स्वरावली येते. तिच्यावर त्यांचा गायक इयन गिलन मोजक्या ओळी गातो, अगदी हळू, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. मग शब्द संपतात. नुसता 'ऊ' सुरू होतो, त्याचा 'आ' होतो, आणि तो आकार पायरी पायरीने चढत शेवटी किंकाळी होतो. त्यानंतर ड्रम आणि गिटार सुसाट सुटतात, एका क्षणी सगळं थांबतं, आणि पुन्हा तोच शांत ऑर्गन, त्याच ओळी, तोच चढ. म्हणजे गाणाऱ्याला हा डोंगर एकाच गाण्यात दोनदा चढायचा असतो.

स्टुडिओतलं गाणं १९७० च्या 'इन रॉक' या अल्बमवर आहे, सव्वादहा मिनिटांचं. लाइव्ह म्हणजे 'मेड इन जपान' या कार्यक्रमांच्या अल्बममधलं, १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकात रेकॉर्ड झालेलं, सव्वाबारा मिनिटांचं.

मी आधी लाइव्ह ऐकलं. १९९६ साल, अकरावीत होतो. मित्राच्या मोठ्या भावाने कुणाच्या तरी तबकडीवरून भरून घेतलेली साठ मिनिटांची कॅसेट होती. पाठीवर निळ्या शाईत 'मेड इन जपान' लिहिलेलं, त्यातला 'पा' पुसट झालेला. ती मी परत दिलीच नाही. रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून वॉकमनवर ऐकायचो. पहिल्यांदा ती किंकाळी आली तेव्हा हेडफोन काढून आजूबाजूला बघितलं होतं, इतकी ती बाहेरून आल्यासारखी वाटली. स्टुडिओतलं गाणं कानावर पडायला पुढे दहाएक वर्षं गेली. तेव्हा पहिला विचार आला की हा दुसराच कुणी गातोय.

आता दोन महिने दोन्ही आलटून पालटून ऐकतोय. ऑफिसातल्या सवयीप्रमाणे वहीत दोन रकाने केलेत. स्टुडिओच्या रकान्यात लिहिलंय: आवाज कानाजवळ. शब्दाचं शेवटचं अक्षर स्पष्ट. 'ऊ' फार मऊ, जवळजवळ बासरी. किंकाळी उंच, पण आखीव. ओसाकाच्या रकान्यात: आवाज लांबून येतो, सभागृह ऐकू येतं. हळू ओळीसुद्धा हळू वाटत नाहीत, दबून धरल्यासारख्या वाटतात. 'आ' सुरू झाला की अंगावर काटा. किंकाळीला करवतीसारखी धार, खरखर. शेवटच्या फेरीत ती खरखर आणखी वाढलेली.

मला ती खरखरच हवी होती. गेल्या वर्षभर ती काढायचा प्रयत्न करतोय. घरात जमत नाही, म्हणून पहाटे तळजाई टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावून काचा वर करून गातो. घसा आवळला की थोडी खरखर येते, आणि ती आली की मला वाटतं जमलं. फेब्रुवारीत एका सोसायटीच्या कार्यक्रमात तसंच गायलो. पहिला चढ निघाला. दुसऱ्या चढाला 'आ' उघडला आणि आवाजाच्या जागी नुसती हवा बाहेर आली. पुढचे आठ दिवस बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं, दोन्ही स्वरतंतू लाल आणि सुजलेले. घरात पाटीवर लिहून बोलत होतो. धाकटी मुलगी रोज संध्याकाळी पाटी पुसून ठेवायची.

आवाज आता बरा आहे. डॉक्टर गायला परवानगी देतायत, पण 'असं' नाही म्हणाले. 'असं' म्हणजे कसं ते त्यांना नेमकं सांगता आलं नाही आणि मलाही विचारता आलं नाही.

तर विचारायचं असं, की ओसाकातली ती धार तो गळ्यातून काढतो का? काढत असेल तर गळा न दुखवता कशी काढतो? आणि शिकताना समोर कोणतं ठेवू? माझा जीव ओसाकात अडकलाय, पण वहीतला स्टुडिओचा रकाना वाचला की वाटतं शिकण्यासारखं स्टुडिओत जास्त आहे.

कोमलगंधार

तळजाईकरदादा, आधी एक विनंती. डॉक्टरांकडे परत एकदा जाऊन या आणि या वेळी त्यांच्यासमोर तो 'ऊ' ते 'आ' हळू आवाजात गाऊन दाखवा. काय चालणार नाही हे त्यांना तुमचा आवाज ऐकून जास्त चांगलं सांगता येईल.

मी ख्याल गायकी शिकते, नारायण पेठेत आमच्या बाईंकडे बारा वर्षं जातेय. हे गाणं तुमचं वाचल्यावर काल रात्री पहिल्यांदाच ऐकलं, दोन्ही प्रकारे, चार-चार वेळा. म्हणून रॉकबद्दल मी काही बोलणार नाही, गळ्याबद्दल बोलते.

गाण्याचा षड्ज, म्हणजे सा, पांढरी सहा (पेटीवरची सहावी पांढरी पट्टी) धरला तर सगळे स्वर आसावरी थाटाचे आहेत. गंधार, धैवत, निषाद कोमल. (राग शोधू नका, तो यात नाही.) त्याचा सगळ्यात वरचा सूर म्हणजे ८८० हर्ट्झची पांढरी सहा. माझी पट्टी काळी चार आहे. म्हणजे त्याचा तो सूर माझ्या अतितार षड्जाच्याही अर्ध्या सुराने वर जातो. बाईमाणसाच्या तार सप्तकाबाहेर हा पुरुष जातोय! तिथे छातीच्या जोराने कुणी पोचत नाही, पोचायचा प्रयत्न केला तर तुमचं झालं तेच होतं. माझ्या कानाला तो वरचा आवाज हलका आहे, पातळ आहे, आणि सराव करून घट्ट केलेला आहे. मोठा वाटतो तो गळ्यातल्या पोकळीच्या आकारामुळे. जोर फार थोडा आहे.

आता 'ऊ' बघा. तो 'ऊ'ने का सुरू करतो? ओठ चंबूसारखे केले की समोरून हवेचा थोडा दाब परत येतो आणि स्वरतंतूंची आदळआपट कमी होते. आमच्या बाई सर्दी झालेल्या मुलींना आकार म्हणूच देत नाहीत, ऊकार आणि ओठ मिटून गुणगुणणं एवढंच. गिलनने 'ऊ'त सूर पक्का लावून घेतला, मग त्याच जागेवर तोंड उघडलं. सूर आधी, 'आ' नंतर. तुम्ही बहुतेक 'आ' लावून मग सूर शोधताय.

रोज दहा मिनिटं एवढंच करा: 'ऊ' लावा, तिथेच 'ओ' करा, तिथेच 'आ' करा, आवाज वाढू न देता. वाढला की पुन्हा 'ऊ'. आणि सगळा रियाज मध्य सप्तकात, वर नंतर जायचं.

शिकायचं कोणत्यावरून? स्टुडिओतल्यावरून, माझ्या मते यात प्रश्नच नाही. तिथे श्वास कुठे घेतलाय ते ऐकू येतं. ओसाकात ते लोकांच्या आणि वाद्यांच्या आवाजात बुडलंय, आणि जे ऐकू येत नाही त्याची नक्कल करायला गेलं की माणूस अंदाजाने काहीतरी भलतंच करतो.

कन्सोलमागे

मी साउंडचं काम करतो. नाटकं, ऑर्केस्ट्रा, कॉलेजचे बँड, गणपतीत स्टेज. वीस वर्षं झाली. कोमलगंधार ताईंचं गळ्याबद्दलचं सगळं मान्य, पण शेवटचं अजिबात पटलं नाही. स्टेजवर गायचंय तर स्टेजवरचा आवाज कसा घडतो ते कळायलाच हवं, नाहीतर एरंडवण्याच्या खोलीत बसलेलं गाणं मेळाव्याच्या दिवशी पहिल्या मिनिटात हातातून जातं.

१९७२ मध्ये हा बँड किती मोठ्याने वाजवायचा ते लक्षात घ्या. गिनीज बुकाने जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद केली होती, लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या त्याच वर्षीच्या कार्यक्रमासाठी, ११७ डेसिबल. त्यांच्या ऑर्गनवाल्याचा, जॉन लॉर्डचा, हॅमंड ऑर्गनसुद्धा गिटारसाठीच्या मार्शल अँप्लिफायरमधून यायचा. अशा भिंतीसमोर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येणं ही चैन होती. नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालू असताना शेजारच्याशी बोलून बघा. तुम्ही ओरडताय हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, १९११ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने हे मांडलं. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, आणि चढवताना आवाजाचा पोतही बदलतो, वरच्या कंपनांना धार येते. तुमच्या वहीत 'दबून धरल्यासारख्या' लिहिलंय ना? मला वाटतं तुम्ही तेच ऐकलंय. हळू ओळीसुद्धा त्याला स्टुडिओइतक्या हळू म्हणता आल्या नसणार.

दुसरं, 'मेड इन जपान' आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड झालं, मार्टिन बर्च नावाच्या इंजिनिअरने. गाणाऱ्याच्या माइकमध्ये गाणारा एकटा कधीच नसतो. मागचे ड्रम, ऑर्गन, समोरच्या भिंतीवरून परत येणारा आवाज, सगळं त्याच माइकमध्ये शिरतं. गाणारा गप्प असला की हे सगळं वर येतं, गायला लागला की खाली जातं. त्यामुळे आवाजाभोवती एक हलती हवा असते. स्टुडिओत ही हवा नंतर वेगळी घालावी लागते. तुम्हाला ओसाकात 'सभागृह ऐकू येतं' ते यामुळे. ते गळ्याने काढता येत नाही, काढायला जाऊही नका, ते माझ्यासारख्याचं काम आहे.

म्हणून माझं ऐकाल तर डिसेंबरची तयारी अशी करा. साउंडवाल्याला सांगा की तुमच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त तुमचा आवाज आणि ऑर्गन द्यायचा. गिटार अजिबात नको, ती तशीही ऐकू येणारच आहे. हळू ओळींना माइक ओठांपासून दोन बोटं. इतक्या जवळ धरला की खालचे सूर आपोआप भरदार होतात, कुजबुज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाते, जोर लागत नाही. 'आ' उघडायच्या आधी माइक वीतभर मागे. मागे घ्यायचा, बाजूला नाही. बाजूला नेला की आवाजाचा पोत पडतो. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी मारतो. हे सगळं आत्तापासून शनिवारी करा. मेळाव्याच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलात तर हात विसरतो.

ड्रॉपडी

दादा, मूळ पट्टीतच गायलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? पूर्ण बँड एक सूर खाली घ्या, पांढरी सहावरून पांढरी पाचवर. ऑर्गनवाल्याला एक बटण दाबायचंय. गिटारवाला कुरकुरेल, त्याला सगळ्या तारा एकेक सूर उतरवाव्या लागतील आणि त्या थोड्या सैल लागतील. नेहमीपेक्षा एक नंबर जाड तारांचा सेट लावला की सैल वाटत नाहीत. आम्ही अर्धी गाणी अशीच वाजवतो.

जुनीतबकडी

तळजाईकर, तुमचा तिसरा परिच्छेद वाचून मी उठून कपाट उघडलं. दोन्ही तबकड्या माझ्याकडे आहेत. माझं वय एकाहत्तर, राहायला प्रभात रोडला. 'मेड इन जपान' पहिल्यांदा ऐकली ती कॉलेजात असताना, मित्राच्या भावाने विलायतेहून आणली होती. पुढे माझी स्वतःची मिळाली जुन्या बाजारात, एका रविवारी, पितळी समया आणि पानांच्या डब्यांच्या मध्ये उभी ठेवलेली. ती कशी विकत घेतली ते पुन्हा कधीतरी लिहीन, आत्ता कामाचं सांगतो.

आधी एक छोटी दुरुस्ती, तुमची नव्हे, वरच्या सगळ्या चर्चेची. तुम्ही सगळे असं धरून चाललाय की स्टुडिओतलं मूळ आणि ओसाकाचं नंतरचं. हे गाणं स्टेजवरच वाढलं. गिलन बँडमध्ये आला १९६९ च्या उन्हाळ्यात, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजवलं गेलं. जॉन लॉर्डची वाद्यवृंदासाठीची रचना त्याच संध्याकाळी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर सादर झाली, त्याआधी बँडने आपली तीन गाणी केली, त्यातलं हे एक. 'इन रॉक' बाजारात आलं १९७० च्या जूनमध्ये. म्हणजे लोकांनी हे आधी समोर बसून ऐकलं आणि मग तबकडीवर. आणि ती ऑर्गनची सुरुवातीची धून? ती 'इट्स अ ब्युटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' नावाच्या तुकड्यावरून घेतलेली आहे, तिथे ती जलद आहे, यांनी संथ केली. नावात आपली मुंबई आहे म्हणून मला त्याचं फार अप्रूप.

ओसाकाच्या त्या रात्री गिलन सव्वीस वर्षांचा होता, सत्ताविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी. सव्वीस! पुढे साठीला पोचायच्या आधीच त्याने हे गाणं कार्यक्रमांत गाणं सोडलं. मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो. आणि म्हणून तुम्ही सेहेचाळिसाव्या वर्षी पट्टी उतरवायला अजिबात कचरू नका.

आता त्या खरखरीबद्दल. तुमची कॅसेट तबकडीवरून भरलेली, असं तुम्ही लिहिलंय. तबकडी एकाच वेगाने फिरते, मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे, पण सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा एका फेऱ्यात खूप अंतर कापते आणि मध्याजवळ आली की निम्म्याहूनही कमी. तेवढ्याशा जागेत तेवढंच गाणं कोंबलेलं असतं. त्यामुळे मध्याजवळच्या खाचांत उंच आणि मोठा आवाज आला की सुईला वळणं झेपत नाहीत, आवाज फाटतो. सुई झिजलेली असेल तर जास्तच. 'मेड इन जपान'च्या पहिल्या बाजूला दोनच गाणी आहेत आणि हे दुसरं. 'इन रॉक'च्या पहिल्या बाजूला तीन, आणि हे तिसरं. दोन्ही तबकड्यांवर हे गाणं बाजूच्या शेवटी येतं. म्हणजे शेवटचा चढ, सगळ्यात उंच किंकाळी, बरोबर तिथे जिथे सुई सगळ्यात दुबळी असते.

तुम्ही लिहिलंय, 'शेवटच्या फेरीत ती खरखर आणखी वाढलेली.' मला संशय येतोय तो याच वाक्यामुळे. गिलनच्या आवाजाला स्वतःची धार आहेच, ती नाकारत नाही. पण तुमच्या कानात जी बसलीय त्यातली किती त्याची आणि किती कुणाच्या तरी झिजलेल्या सुईची?

तपासायचं सोपं आहे. कॅसेट लावा, पण आवाजाकडे लक्ष देऊ नका. किंकाळीच्या वेळी झांजांकडे लक्ष द्या. त्या पण फाटत असतील तर तो गळा नव्हे. मग तोच भाग चांगल्या डिजिटल प्रतीवर ऐका.

कोमलगंधार

काका, हे वाचून थांबलेच. माझ्या बाईंकडे जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं खूप आहे. त्यातली एक तान 'खरखरीत'च म्हणायची असं मी लहानपणी धरून चालले होते. बाईंनी किती वेळा टोकलं होतं.

आणि कन्सोलमागे, तुमचं माइकचं मला माहीत नव्हतं. हळू ओळ जवळून घेतली तर जोर लागत नाही हे गळ्याच्या दृष्टीने फार मोठं आहे. माझं 'प्रश्नच नाही' मागे घेते. श्वास मात्र स्टुडिओतूनच शिकावा, यावर ठाम आहे.

तळजाईकर

आठ दिवसांनी लिहितोय, कारण सगळं करून बघायचं होतं.

आईकडे पर्वतीला जुना वॉकमन होता, तो घेऊन आलो. सेलच्या खाचेत हिरवट थर जमला होता, सँडपेपरने घासला, चालू झाला. कॅसेट लावली. काकांनी सांगितल्याप्रमाणे आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, ते फार अवघड गेलं, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं मी तिथे दुसरं काही ऐकलेलंच नाही. तीनदा मागे घेतली. चौथ्यांदा डोळे मिटून फक्त झांज धरली.

फाटतायत. पहिल्या चढाला थोड्या. शेवटच्या चढाला तर झांज ओळखूच येत नाही, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी झालीय, आणि त्याच क्षणी, त्याच वाळूत, किंकाळी. मग मोबाइलवर चांगली प्रत लावली. झांज झांजेसारखी. आणि गिलन! धार आहे, पण बारीक, सुरीच्या पात्यासारखी, आणि खाली मऊ. मी ज्याला करवत म्हणत होतो ती तिथे नाही. मी वर्षभर तळजाईला गाडीत बसून, घसा आवळून, कुणाच्या तरी झिजलेल्या सुईची नक्कल करत होतो.

आमच्या विभागात माप चुकीचं आलं की आधी गेज, म्हणजे मापायचं साधन, तपासतात, जॉबला नंतर हात लावतात. हे मी रोज नवीन पोरांना शिकवतो. कॅसेट हा माझा गेज होता हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

डॉक्टरांकडे गेलो. 'ऊ'पासून 'आ'पर्यंत हळू गाऊन दाखवलं, मग जुन्या पद्धतीने, अगदी थोडं, घसा आवळून. ते लगेच म्हणाले, 'हे. हे नाही करायचं.' एवढ्या एका वाक्यासाठी मी सहा महिने थांबलो होतो. कोमलगंधार ताई, तुमचे मनापासून आभार. दहा मिनिटांचा तो रियाज रोज चालू आहे. मधे 'ओ'वर आलो की अजून आवाज वाढतो, पण आता वाढला ते कळतं तरी.

शनिवारी पट्टी पांढरी पाचवर उतरवली. ड्रॉपडी, गिटारवाल्याने जाड सेट लावला आणि कुरकुर केली नाही, उलट मधला तुकडा त्याला जास्त वजनदार लागला. मॉनिटरमध्ये फक्त मी आणि ऑर्गन. माइक दोन बोटांवर. पहिली ओळ म्हटली आणि ड्रमवाल्याने वाजवणं थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'एवढ्या हळू तू कधी गायलास?' पुन्हा सुरू केलं. 'ऊ' लागला, माइक वीतभर मागे घेतला, 'आ' उघडला. वरचा सूर पूर्ण लागला नाही, दोन पायऱ्या अलीकडे थांबलो, मुद्दाम. घसा दुखला नाही. दुसऱ्या चढालाही आवाज होता. गाणं संपल्यावर खाली उतरून चहा घेताना मी नेहमीसारखा बोलत होतो, हे मला घरी येईपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

कन्सोलमागे, एक विचारायचं राहिलं. माइक मागे घेतल्यावर परत जवळ आणताना 'फट्' असा आवाज येतो. तो कसा टाळायचा?

काका, तुमची 'मेड इन जपान' एकदा समोर बसून ऐकायची इच्छा आहे. चालेल का?

कन्सोलमागे

परत आणताना श्वास सोडत आणू नका, तोंड मिटून नाकाने श्वास घेत आणा, आणि माइक ओठांच्या सरळ समोर न धरता थोडा हनुवटीकडे झुकवा. तरीही आला तर जाळीवर फोमची टोपी घाला.

जुनीतबकडी

चालेल काय, याच. रविवारी दहानंतर. कॅसेटही घेऊन या, तबकडीशेजारी लावून बघू. माझ्या डेकचा बेल्ट सैल झालाय, तो शनिवारी तपकीर गल्लीतून आणून ठेवतो. सुई नवी आहे.